दगडाची उजवी बाजू

मी, पद्माकर याकोब रणभिसे, वय वर्षे पंच्याहत्तर, पूर्वी जहाजावर चीफ इंजिनिअर आणि आता काही नाही, राहणार टॅम्पिनीस, सिंगापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि मराठीत लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांची चौकशी करत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी असावे लागते. यापूर्वी पत्नीबरोबर केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो, कारण त्यात आम्ही दोघांनी सगळे एकमेकांच्या नावे केले होते.

वकीलबाई म्हणाल्या की भाषेची अट नाही, मागाहून अधिकृत भाषांतर करून घ्यावे लागेल, पण इंग्रजीत केले तर दोन पानांत आटपेल. घराचे दोन पानांत आटपेल हे मलाही कळते. हे मृत्युपत्र घरासाठी नाही. मला माझ्या पत्नीशेजारी ठेवले जावे, एवढ्यासाठी आहे. नवरा-बायकोच्या बाबतीत हे लिहून द्यावे लागू नये, पण आमच्या बाबतीत लागते. ती कॅथलिक होती आणि मी प्रॉटेस्टंट आहे.

कलम १. व्यवस्थापक आणि साक्षीदार.

व्यवस्थापक म्हणून मी श्री. निशिकांत केळकर यांना नेमतो. कायद्यापुरते 'श्री.' आणि 'यांना'. पुढे नेहमीसारखा निशिकांत. तो पुण्याचा, इथे एका बँकेच्या संगणक विभागात होता. आमची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली, जिथे मी आरतीला उभा राहत नाही आणि जेवायला मात्र थांबतो. त्याला माझा बुद्धिबळाचा पट हवा होता. तो मिळणार नाही, कारण तो साक्षीदारही आहे आणि इथल्या कायद्याने साक्षीदाराच्या पदरात काही पडत नाही. दुसरा कोणी साक्षीदार मिळतो का ते मी पाहिले. मोबाइलमधली सगळी नावे वरून खाली वाचली. बरीच माणसे गेलेली आहेत, काही भारतात परतली आहेत, आणि उरलेल्यांच्या घरी मी अशी सही मागायला गेलो तर त्यांना आधी मी कोण ते आठवावे लागेल.

दुसऱ्या साक्षीदार समोरच्या दारातल्या मॅडम लिम. त्यांना मराठी येत नाही, पण साक्ष सहीची असते, मजकुराची नव्हे. एवढे लांबलचक काय लिहिता, असे त्यांनी विचारले. मला कुठे ठेवायचे ते लिहितो आहे, असे मी सांगितले. त्या म्हणाल्या, "विथ ऑंटी, अफकोर्स. धिस वन ऑल्सो मस्ट राइट, मेह?"

माझा मुलगा निहार याला मराठी बोललेले कळते, वाचता येत नाही. म्हणून निशिकांतने हे मृत्युपत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवावे. मधले काही गाळू नये, आणि देवाधर्माचा भाग आला की गळा साफ करत घाईघाईने पुढे जाऊ नये. ती त्याची सवय मला माहीत आहे.

कलम २. घर.

टॅम्पिनीसचा फ्लॅट, जो रेजिना गेल्यावर एकट्या माझ्या नावे झाला, तो मी निहारला देतो. तो बायको ग्रेस आणि मुलगी अवनी यांच्यासह पुंगोलला राहतो. त्याचा तिथला फ्लॅटही सरकारी असल्याने नियमाप्रमाणे दोन्हींतला एक त्याला विकावा लागेल. त्याने हाच विकावा. मला वाईट वाटणार नाही, आणि वाटले तरी कळवता येणार नाही.

निहार महिन्यातून एका रविवारी, त्याची उपासना संपल्यावर येतो. चांगला मुलगा आहे. फळे आणतो, माझी औषधे तपासतो, आणि गाडीच्या पार्किंगची वेळ संपत आली की मोबाइल पाहतो. त्याचा मला राग नाही. तो गेल्यावर घर आधीपेक्षा जास्त रिकामे वाटते, त्यात त्याचा काय दोष.

कलम ३. शिल्लक.

बँकेत जे असेल ते अवनीच्या शिक्षणासाठी. निवृत्तीच्या खात्याचे नामांकन वेगळे केलेले आहे, त्यावर इथे शाई घालवत नाही.

कलम ४. हत्यारे.

माझी हत्यारांची पेटी अवनीला. ती अकरा वर्षांची आहे आणि तिच्या हाती स्क्रूड्रायव्हर लागला की घरातले एक तरी यंत्र उघडे पडते. पेटीत फीलर गेज आहे, म्हणजे पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. दोन भागांमधली फट किती आहे ते त्याने कळते. फट मुळीच नसावी असे नसते. ती हवी तेवढी असावी लागते. हे तिला मी शिकवले आहे.

ते शिकवत असतानाच तिने विचारले, "आजोबा, यू गोइंग हेवन ऑर नॉट? पापा से ही नॉट शुअर."

"तुझी आजी म्हणाली होती, जागा धरून ठेवते."

तिने थोडा विचार केला. "देन कॅन लाह," म्हणजे मग चालेल, असे म्हणाली आणि पुढच्या पात्याला हात घातला. या विषयावर घरात मला मिळालेले हे सर्वांत सरळ उत्तर आहे.

कलम ५. मरियेची मूर्ती.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली पवित्र मरियेची मूर्ती रेजिनाने वसईहून मांडीवर घेऊन विमानातून आणली. आम्ही नगरकडचे प्रॉटेस्टंट, मूर्तीपुढे प्रार्थना करत नाही. मीही करत नाही. रेजिना गेल्यापासून रोज संध्याकाळी तिच्यापुढचा विजेचा दिवा लावतो आणि फडक्याने धूळ पुसतो. एकदा दिवा लावायचा विसरलो आणि सिनेमा अर्धा टाकून घरी आलो. त्याला काय म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

निशिकांत म्हणाला, माझ्या देवघरात जागा आहे, मला चालेल. साक्षीदार असल्याने त्याला तीही मिळणार नाही. ही मूर्ती अवनीला द्यावी. तिच्या वडिलांच्या चर्चला मूर्ती चालत नाहीत, तेव्हा त्यांनी ती कपाटात ठेवली तरी माझी हरकत नाही. भिंतीकडे तोंड करून ठेवू नये.

कलम ६. जुनी येणी.

ही पैशांची नाहीत. तरी ती मिटवल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही.

(क) इनास मावशी. ही रेजिनाच्या आईची बहीण, आता हयात नाही. रेजिना वसईची, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक घरातली. मी नेवासे तालुक्यातला. माझे वडील याकोब मास्तर मिशनच्या शाळेत शिकवत आणि पाळक येऊ शकला नाही की रविवारची उपासना चालवत. त्यांच्या वडिलांनी ख्रिस्त घेतला तेव्हा भाऊबंदांनी त्यांच्याशी पाण्याचाही व्यवहार ठेवला नव्हता. मुंबईत बोटकंपनीच्या कचेरीत रेजिना टायपिस्ट होती आणि मी शिकाऊ इंजिनिअर. कचेरीतले लोक म्हणाले, दोघेही ख्रिश्चन, मग अडचण कसली? आम्हालाही तसेच वाटले होते.

लग्नाला मावशी आली नाही. तिने निरोप पाठवला, "ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही. मुलगा चांगला असेल, पण नरकात जाणारा चांगला मुलगा घेऊन काय करायचं?" रेजिनाने मला हे हसत सांगितले. तेव्हा ती हसत होती म्हणून मीही हसलो.

बिशपांची परवानगी काढून लग्न तिच्या चर्चमध्ये, मिस्सात म्हणजे कॅथलिक उपासनेत झाले. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे फक्त कॅथलिकांना मिळणारी भाकर घ्यायला सगळे रांगेने पुढे गेले तेव्हा, चर्चमध्ये दोघेच बसून राहिलो होतो. शेवटच्या बाकावर वडील आणि अगदी पुढे नवरदेव मी. मी एकदा मागे वळून पाहिले. वडिलांनी मान हलवली, बसून राहा अशी. पुढे बेचाळीस वर्षे, बोटीवर नसलो की, मी दर रविवारी रेजिनाला चर्चमध्ये नेत असे आणि त्या वेळी बसून राहत असे. ती उठून रांगेत जायची, मी पाय आखडून बाकीच्यांना वाट द्यायचो. परत येऊन ती गुडघे टेकायची आणि थोडा वेळ माझ्याकडे पाहायची नाही. चर्च माणसांनी भरलेले असताना मला इतके एकटे दुसरीकडे कुठे वाटलेले नाही, भर समुद्रातही नाही.

(ख) दिलीप साळवे. इथे आम्हा मराठी प्रॉटेस्टंटांची छोटी मंडळी होती. बहुतेक बोटीवरची माणसे आणि त्यांच्या बायका. महिन्यातून एकदा माझ्या घरी जमायचो, उपासना मराठीत, आणि चहा-वडे रेजिनाचे. हळूहळू माणसे पांगली. दिलीप शेवटचा. तो मुलाकडे कॅनडाला गेला आणि जाताना मंडळीची पेटी घेऊन गेला. माफ केले असे म्हणत नाही, पण परतही मागत नाही. इथे ती वाजवणार कोण? आता मंडळी म्हणजे मी. रविवारी दुपारी दोन गाणी म्हणतो, पेटीशिवाय. त्या वेळी मॅडम लिम टीव्हीचा आवाज वाढवतात.

(ग) निहार. लग्नाच्या वेळी दिलेल्या शब्दाप्रमाणे रेजिनाने त्याला कॅथलिक वाढवले. लहानपणी त्याचा स्नानसंस्कार झाला, आमच्याकडे ज्याला बाप्तिस्मा म्हणतात. इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेतल्या एका मित्राने त्याला एका मोठ्या चर्चमध्ये नेले, जिथे दिवे, ढोल आणि पडदे असतात. तिथे त्याला सांगण्यात आले की बाळपणीचे ते काही खरे नव्हे, आणि त्याने टाकीत बुडी मारून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी रेजिना जेवली नाही. "एकदा झालेला स्नानसंस्कार पुन्हा होत नसतो," असे ती त्याला सारखे सांगत होती, आणि मी तिच्या बाजूने बोलत होतो. देवाच्या बाबतीत नवरा-बायकोचे पहिल्यांदाच एकमत झाले आणि तेही मुलाच्या विरोधात. निहारचे म्हणणे तेव्हापासून असे आहे की आई आणि मी, दोघांचेही काही खरे नाही. निदान त्याने भेदभाव केला नाही.

(घ) रेजिना. तिच्याकडे माझे काही येणे नाही. पण हे इथेच लिहायला हवे.

निहारच्या त्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी माझ्या हृदयाचे ऑपरेशन झाले. ऑपरेशनच्या सकाळी गुंगीचे औषध दिले होते आणि मी डोळे मिटून पडलो होतो. रेजिनाला वाटले मी झोपलो. तिने पडदा ओढला. मग प्लॅस्टिकच्या मगमधले पाणी माझ्या कपाळावर ओतले आणि दबक्या आवाजात म्हणाली, "योसेफ पद्माकर, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला स्नानसंस्कार देते." पद्माकर नावाचा कोणी संत नाही, म्हणून तिने योसेफ लावले असावे. पाणी थंड होते आणि डाव्या कानात गेले. मी डोळे उघडले नाहीत.

मी वाचलो. तिने हे पापनिवेदनात धर्मगुरूंना सांगितले, घरी आली, चहा केला आणि माझ्यासमोर बसली.

"मी तुझा स्नानसंस्कार केला होता."

"ठाऊक आहे. कानात पाणी गेलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढ्या मनापासून करत होतीस."

ती रागावली नाही. म्हणाली, "फादर म्हणाले, तो झालाच नाही. तुझा गावाकडचा बाप्तिस्मा आमची ख्रिस्तसभा खरा मानते. पाणी आणि तीन नावं असली की झालं, ओतणारा कुठल्या चर्चचा ते पाहत नाहीत. आणि तो दुसऱ्यांदा होत नाही. मला म्हणाले, तुम्ही नुसतं त्यांचं कपाळ ओलं केलंत." मग ती रडायला लागली. "निहारला मी एवढं बोलले आणि स्वतः तेच केलं. मावशीचं ते वाक्य उशाखाली घेऊन झोपत होते रे मी एवढी वर्षं. कुणाला विचारलंच नाही."

त्यानंतर तिने माझ्या धर्मांतरासाठी चाललेली नोव्हेनेची प्रार्थना बंद केली. मला हायसे वाटायला हवे होते. खरे सांगायचे तर चुकल्यासारखे वाटले. दर शनिवारी कोणीतरी आपल्यासाठी काळजीने प्रार्थना करते याची सवय झालेली असते. योसेफ हे नाव मात्र राहिले. मी भांडलो किंवा औषध घ्यायला विसरलो की ती म्हणायची, "ए योसेफ, ऐकतोस का?" दुसऱ्या कोणी मला या नावाने कधी हाक मारलेली नाही आणि आता मारणारही नाही.

मावशीला मी माफ करतो. तिने जे ऐकले होते ते सांगितले, फक्त निम्मेच ऐकले होते. उरलेले मला फादर आल्बर्ट यांच्याकडून कळले, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ७. माझे शरीर आणि राख.

(क) आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्याच्या मोकळ्या जागेत, एक दिवस ठेवावे. जास्त दिवस खुर्च्या मांडल्या तर त्या रिकाम्या दिसतील. दहन मंडाईच्या दाहगृहात करावे.

(ख) राख समुद्रात टाकू नये. निहारच्या मनात ते आहे. "पा, यू मरीन इंजिनिअर व्हॉट. सी इज नायसर," असे तो म्हणतो. समुद्रावर मी तीस वर्षे काढली, पण इंजिनरूमला खिडकी नसते. माझी आणि समुद्राची तशी ओळख नाही.

(ग) रेजिनाची राख तिच्या चर्चच्या अस्थिगृहात आहे. कोनाडा दोघांसाठीचा घेतलेला आहे. झाकणाच्या दगडावर डाव्या बाजूला तिचे नाव कोरले आहे आणि उजवी बाजू कोरी आहे. तिथे मी दर रविवारी जातो. मिस्सात आता मीही रांगेत उठतो, दोन्ही हात छातीशी दुमडून. तशा माणसाला भाकर देत नाहीत, आशीर्वाद देतात. ती असताना मी हे कधी केले नाही. ती गेल्यावर बाकावर पाय आखडून वाट द्यायची ते कोणाला, हे कळेना, म्हणून उठलो.

तिथल्या कचेरीत मी विचारले की उजवी बाजू माझी आहे ना? मुलगी नम्रपणे म्हणाली, तुम्ही कॅथलिक नाही, फादरांना विचारावे लागेल. फादर आल्बर्ट इथलेच, माझ्या मुलापेक्षाही लहान, पायात खेळाचे बूट. आम्ही चर्चच्या कॅन्टीनमध्ये कॉफी घेत बसलो. बोलणे इंग्रजीत झाले, मी मराठीत लिहितो.

मी म्हटले, "फादर, आधी एक सांगा. तुमच्या लेखी मी आत आहे की बाहेर?"

"तुमचा बाप्तिस्मा झालाय ना?"

"पाणी आमच्या विहिरीचं होतं. नावं तिन्ही घेतली होती."

"मग ख्रिस्ताशी तुम्ही जोडलेले आहात. आणि म्हणून आमच्याशीही. ते नातं अपुरं आहे, पण खरं आहे. तुमच्या वडिलांच्या मंडळीत देवाचा आत्मा नव्हता असं आम्ही म्हणत नाही. तिथेही तो माणसांचं तारण करतो, असं आमच्या महासभेने रोममध्ये साठ वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय."

"आणि ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही, ते?"

"ते वाक्य आहेच, पुसलेलं नाही. त्याचा अर्थ असा, की ज्याला तारण मिळतं त्याला ते ख्रिस्ताकडून, त्याच्या सभेतून मिळतं. कुठून आलं हे घेणाऱ्याला ठाऊक असो वा नसो."

मी जहाजावर तीस वर्षे नियमावल्या वाचलेला माणूस. म्हटले, "पण याला एखादं पोटकलम असणार."

फादर हसले आणि मग हसायचे थांबले. "आहे. देवानेच ही सभा आवश्यक म्हणून स्थापली हे ज्याला कळलं, आणि तरी जो आत यायला नकार देतो, त्याचं तारण होऊ शकत नाही."

"मग माझं काय? न ऐकलेला माणूस सुटला. मी बेचाळीस वर्षं तुमच्या बाकावर बसून ऐकलंय."

"ऐकणं वेगळं, अंकल. मनोमन पटणं वेगळं. तुम्हाला पटलं होतं, आणि तरी तुम्ही नाकारलंत का?"

त्या दिवशी मी फक्त वडिलांचे सांगितले. पुरे उत्तर इथे देतो. पटले होते असे नाही आणि पटले नव्हते असेही नाही. मला बायको पटली होती. तिच्या मागोमाग मी कुठेही गेलो असतो, पण त्या दारात पोचलो की मागच्या बाकावर बसलेले वडील दिसायचे. आजोबांनी ख्रिस्तासाठी गावाचे पाणी सोडले होते. मी उठून त्या रांगेत गेलो असतो तर माझ्या माणसांना बाहेर ठेवून आत गेल्यासारखे झाले असते. हा नकार असेल तर नकार आहे. देवाने तो तपासावा. मी दडवत नाही.

वडिलांचे मी फादरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ते बाहेर होते असं कोण म्हणतंय?"

"मग मीही आहे तिथेच राहिलो तर हरकत काय?"

"हरकत आहे," ते म्हणाले. "बायको जेवायला उठायची आणि तुम्ही बसून राहायचात, ही हरकत. तारणाची भीती नको, म्हणून वेगळं बसण्याचं दुःख नाही असं नव्हे. ते आम्हालाही आहे." पहिल्यांदाच कोणीतरी त्या बाकाबद्दल बोलले होते.

(घ) आता अटी. फादर म्हणाले, तुम्हाला तिच्या शेजारी ठेवता येईल आणि मी स्वतः प्रार्थना म्हणेन, बिशपांची परवानगी मिळेल. पण बाप्तिस्मा झालेल्या दुसऱ्या चर्चच्या माणसाला आमचा अंत्यविधी द्यायचा तर दोन गोष्टी पाहतात. एक, त्याची स्वतःची इच्छा याच्या विरुद्ध नसावी. दोन, त्याचा स्वतःचा पाळक उपलब्ध नसावा. निहार जर त्याच्या पाळकाला घेऊन आला आणि हेच माझ्या वडिलांचे पाळक म्हणाला, तर माझे हात बांधले जातील, असे फादर म्हणाले.

निहारने ते बोलूनही दाखवले आहे. "पा, यू नेव्हर बिकेम कॅथलिक, राइट? देन व्हाय गो देअर? माय पास्टर कॅन डू एव्हरीथिंग." तो प्रेमानेच म्हणतो. आपल्या बापाला आपल्या माणसांनी पोचवावे असे त्याला वाटते. म्हणून, निहार, हे नीट ऐक, आणि निशिकांत, इथे सावकाश वाच.

मी जाहीर करतो की कॅथलिक धर्मगुरूंनी माझा अंत्यविधी करावा अशी माझी इच्छा आहे, याच्या विरुद्ध नाही.

मी जाहीर करतो की माझ्या मुलाचे पाळक सज्जन आहेत, त्यांनी आजारपणात मला सूपही पाठवले, पण ते माझे पाळक नाहीत.

मी जाहीर करतो की मला स्वतःचा पाळक नाही. ज्यांनी माझा बाप्तिस्मा केला ते गेले. ज्यांनी इथे कधीमधी येऊन प्रभुभोजन दिले ते गेले. माझी मंडळी पांगली, तिची पेटी कॅनडात आहे. मला पोचवायला माझ्या बाजूचे कोणी उपलब्ध नाही. हे सत्य आहे आणि हे लिहून दिल्यानेच मला तिच्याशेजारी जागा मिळते, म्हणून मी आनंदाने लिहून देतो. पुष्कळ वर्षांनी या एकटेपणाचा काही उपयोग झाला.

कलम ८. दगड.

कचेरीतल्या मुलीने विचारले, उजव्या बाजूला काय कोरायचे? मी म्हटले, कळवतो. ते इथे कळवतो.

गेल्या डिसेंबरात, नाताळाच्या आधी, मी नेहमीप्रमाणे शास्त्रातली ख्रिस्ताची वंशावळ वाचत होतो. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. पाळकसुद्धा ती गाळतात. वडिलांनी मला ती पाठ करायला लावली होती. म्हणता म्हणता शेवटाशी आलो आणि थांबलो. मरियेचा नवरा योसेफ, त्याच्या बापाचे नाव याकोब आहे. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये विकला गेलेला जुन्या करारातला योसेफ आहे, त्याच्याही बापाचे नाव याकोबच. शास्त्रातले हे दोन मोठे योसेफ आणि दोघेही याकोबाचे मुलगे.

रेजिनाने हे पाहिले नव्हते. तिला संतांचे सणवार पाठ, वंशावळ्या नव्हेत. तिला वाटले होते की त्या सकाळी मगभर पाणी ओतून तिने मला वडिलांच्या बाकावरून उचलून आपल्या बाजूला नेले. पापनिवेदनातले फादर म्हणाले, नुसते कपाळ ओले झाले. पण जे नाव तिने दिले, ते माझ्या वडिलांच्याच नावाला जोडून येते. मी मोठ्याने म्हणालो, "रेजिना, हे बघ." मग दिवा लावायची वेळ झाली होती, तो लावला.

तिला सांगायचे राहिले आहे. म्हणून उजव्या बाजूला असे कोरावे, यातला एकही शब्द गाळू नये:

योसेफ पद्माकर याकोब रणभिसे

खाली तारखा. धर्म, पंथ काही नको. शेजारी तिचे नाव आहे, तेवढे पुरे.

हे मृत्युपत्र मी सिंगापूर येथे, माझ्या जेवणाच्या टेबलाशी, दोन्ही साक्षीदार समोर बसलेले असताना, सरकारदरबारी जे माझे नाव आहे त्या नावाने सही करून पुरे करीत आहे. दुसरे नाव दगडासाठी राखून ठेवले आहे.

(सही) पद्माकर याकोब रणभिसे

वरील सही आम्हा दोघांसमक्ष झाली आणि आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या:

१. निशिकांत केळकर, पासिर रिस, सिंगापूर
२. लिम स्यू हुआ, टॅम्पिनीस, सिंगापूर

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५